आबाची चांदीची देवी

आबा म्हंजी माझा आजा. त्येच्यासंगं काय झालं ते ऐका.

आमी पारधी, इंदापूरच्या शिवारात ऱ्हातो. भवानीनगरला एक घर फुटलं आन् पोलीस सरळ आमच्या वस्तीवर आले. झडतीत आबाच्या पेटीत चांदीची देवी घावली. ती आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हाय. आंघोळ केल्याबिगर आबासुदीक तिला शिवत न्हाय.

"कुणाच्या घरातनं उचलली रं?" हवालदारानं इचारलं.

"आमची आई हाय ती, सायेब."

"पारध्याकडं चांदी, आन् म्हणं आई!" तंबाखू मळल्या हातानंच त्यानं देवी उचलली आन् खिशात घातली. आबा तितंच रडाय लागला.

पुढं चोर घावला. घरमालकाचाच भाचा निघाला. देवी परत मिळाली, पण चुकलं असं कुणी म्हणलं न्हाय. बाटलेल्या देवीला बोकड देऊन आबानं तिला पुन्हा पेटीत बसवलं.

आता कुठंबी चोरी झाल्याचं कानावर आलं, की आबा देवीला छातीशी धरून उसात जाऊन बसतो.

आन् पोलीस म्हणत्यात, "बघा, चोरी झाली की ह्यो म्हातारा पळतोच."