नामदेवच्या पुस्तकातला राजा

आमचा नामदेव आठवतो ना? अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवायचा. सुट्टीत गावी आला की कापसाच्या बंडीवर माझ्याशेजारी बसून दर्यापूरपर्यंत जुन्या इजिप्तच्या एका राजाच्या गोष्टी सांगायचा. मी बैल हाकायचं विसरायचो.

म्हातारपणी त्याने त्याच राजावर जाडजूड पुस्तक लिहिलं. पहिली प्रत मला दिली. मी चौथी शिकलेला, पण नेटाने वाचलं. एकेक वाक्य अर्धं पान चालायचं.

पुढे तो आला. "कसं वाटलं? खरं सांग."

"बंडीवर तो राजा जित्ता होता बे. पुस्तकात त्याले काहून मारलं?"

"विद्वान लोकं वाचतात. तसंच लिवा लागते."

"मंग मले कायले देलं?"



"लिवाले बसलो तवा तूच डोयासमोर होता लेका. मंग त्या लोकायचा भेव वाटला."