बूट घालून रोवणी

तुम्ही हसाल, पण हाजरा फॉलला जायच्या नादात धानाच्या रोवणीचा माझा अख्खा हंगाम चिखलात गेला. पुण्याहून शिकून गावी परतलो, तेव्हा मनात एकच होतं: आपलं जंगल आपण पायी पाहायचं, नदीकाठाने, पार धबधब्यापर्यंत. शाळेतले मित्र गौतम आणि डोमा म्हणाले, "पागल झाला का बे? रोवणी सुरू आहे."

"ती संपेपर्यंत धबधबा आटेल!"

"मंग आमची रोवणी उरकू लाग. रविवारी जाऊ."

लागलो. आधी गौतमच्या शेतातल्या बांधीत, मग डोमाच्या, चिखलात वाकून एकेक रोप खोचत पऱ्हे लावले. दिवसभर ऊन पडलं की माझा जीव वरखाली व्हायचा.

रविवारी पहाटेच सॅक अडकवून, नवे बूट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होतो. दोघं आले. अनवाणी, घरची सगळी माणसं घेऊन.

"एवढे सगळे फॉलला?"

"फॉलले कायले?" डोमा म्हणाला. "तू आमच्या बांधीत राबला, आता आमी तुमच्या."

"पण आपलं ठरलं होतं!"

"फॉल कुठं पळून राहिला?" गौतम हसला. "बूट काढ. तुह्या बापानं कालच पऱ्हे उपटून ठेवले."