गाडीला मुशीचं तेल

हॅलो?

…हो, बोल अमृता. तुझी नणंद हेमालीच बोलतेय, दुसरं कोण बोलणार? या घरात फोन उचलणारी मी एकटी. तुझे सासरे, आमचे दाजी, फोनकडे बघतात आणि म्हणतात, वाजू दे, दमेल.

…नाही गं, झोपेतून नाही उठले. आवाज असा येतोय कारण मी जरा… तंद्रीत होते.

…अगं, सकाळपासून गोल गोल हात फिरवून बघ. समाधी लागते माणसाला. कॉलेजात इतकी वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, मला कधी लागली नाही. मुलांची लागायची.

…कसला हात म्हणजे… पुसत होते. गाडी. तुमची गाडी. धूळ बसते ना.

…हो, हो, जयेशने सांगितलेलं माहीत आहे मला. फडकं लावायचं नाही, पाण्याचा पाइप मारायचा नाही, बोट लावायचं नाही. सिरॅमिक कोटिंग करून गेलेला ना तो. अगं, बोटीवर जायच्या आदल्या दिवशी अंगणात उभं करून मला सगळं समजावलं. दाजींची तब्येत जाता जाता विचारली. गेटपाशी.

…एअरपोर्टवरून निघालात? आणि आता कुठे? … ऐरोली मागे गेली? मग शिळफाट्याला अडकालच. … नाही गं, अडका असं नाही म्हणत, अडकाल असं म्हणतेय. ट्रॅफिकला काय माझी शिफारस लागते?

…म्हणजे आधी ठाण्याला घरी नाहीच? थेट इकडे कोपरला यायचं, गाडी घ्यायची आणि मग ठाणे. … हो, त्याचाच जीव अडकलाय ना. चार महिने समुद्रावर बायको आठवली की गाडी, विचार त्याला. … बरं, नको विचारूस.

…गाडी मस्त आहे. … मस्त म्हणजे मस्त. उभी आहे. चारही चाकं जागच्या जागी. … चमकते का? चमकते. जरा जास्तच चमकते.

…फोटो? आत्ता नको फोटो. उजेड बरोबर नाही. … हो, भर दुपार आहे. दुपारचा उजेडच वाईट. कुठल्याही फोटोवाल्याला विचार.

…मांजरं? कुठली मांजरं? … तुला कोणी सांगितलं? … मृणालने? समोरच्या बिल्डिंगमधल्या? … स्टेटसला ठेवलंय? 'कोपरमध्ये मांजरांचं संमेलन'? बरंय तिचं. … हो. … हो, ती आपलीच गाडी. … टपावरची पण. बॉनेटवरची पण. … अगं, चाटतच होती, त्यात काय लपवायचं.

…अगं ऐक ना. ऐक. ओरडू नको. जयेश शेजारी आहे का? … झोपलाय? हं, घोरतोय, येतंय मला ऐकू. मग हळू बोल. सांगते सगळं, पण मध्ये तोडायचं नाही.

दाजींनी गाडीला तेल लावलं.

…इंजिनला नाही गं. गाडीला. बाहेरून. दारं, टप, बॉनेट, आरसेसुद्धा.

…खोबरेल कसलं? मुशीचं. … मुशी, मुशी! मासा गं. त्याच्या कलेजीचं तेल काढतात, होडीच्या लाकडाला लावायला. खारं पाणी आत शिरू नये म्हणून. माळ्यावर डबा होता जुना, तो काढला त्यांनी.

…वास? वासाचं काय सांगू. पहिल्या दिवशी वाटलं, खाडीच घरात येऊन बसली. आता माझं नाक मेलंय. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. शांत वाटतं.

…मुद्दाम कसे करतील? त्यांच्या मते त्यांनी गाडी वाचवली. … तसं नाही गं, अमृता, तू पाहिलं होतंस ना त्यांना? होडी गेल्यानंतर? … हो, तेच. भिंतीकडे तोंड करून. खाडीत मासा उरला नाही ते त्यांनी सोसलं, पण होडी कुजली आणि लाकूडवाला तुकडे करून टेम्पोत घालून घेऊन गेला ना, त्या दिवसापासून माणूस खाटेवरच. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. माझ्या वर्गातली मुलं इतकी ऐकत नाहीत. मला भीती वाटायला लागलेली.

…मग तुमच्या टॉवरचं पार्किंग खणलं आणि गाडी आली आमच्या अंगणात. आधी त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. एक दिवस पहाटे मी उठले, बघते तर खाट रिकामी. चपला न घालता खाडीकडे धावणार, तर हे अंगणात. हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरतायत. होडी विकत घ्यायला आलेला माणूस फिरतो ना, तसे. मला बघून म्हणाले, "कोरडी परलीय गो ही."

…म्हटलं की! म्हटलं, दाजी, ही लोखंडाची आहे. तर म्हणाले, मग तं आधी सडल. खारा वारा आहे. … त्यात चूक काय होतं, तू सांग.

…कोटिंगचंही सांगितलं. वर काचेसारखा थर आहे, दिसत नाही पण आहे. ते म्हणाले, "दिसत नाय, मग लावलाय कशावरून?" … याचं उत्तर तुझ्या नवऱ्याला येतंय का बघ.

…एकदा लावून थांबले असते तर बरंच होतं. उन्हात वाळतं ते, वर साय धरते पिवळसर. मग पुन्हा हात, पुन्हा ऊन. ब्रश नाही, फडकं नाही, नुसता तळवा. मी चहा घेऊन पायरीवर बसायचे आणि बघत राहायचे. हात असा पुढे जातो, परत येतो… पुढे जातो, परत येतो… चहा थंड व्हायचा आणि मला कळायचं नाही.

…रंग? रंग आता निळा नाही गं. … कसा सांगू… कंपनीने त्या रंगाला समुद्राचं काहीतरी नाव दिलंय ना? तो समुद्र कंपनीने कधी बघितला नसणार. आता बघ म्हणावं. संध्याकाळी भरती चढताना खाडी दिसते तशी झालीय ती. निळी म्हणावी तर नाही, सोनेरी म्हणावी तर नाही. पलीकडची तिवरांची झाडं तिच्या दारात उलटी उभी असतात. ढग बॉनेटवरून जातात, टपावर चढतात, मागे उतरतात. परवा एक बगळा आला, दारासमोर उभा राहिला आणि स्वतःकडेच बघत बसला. कितीतरी वेळ.

…मला कसं माहीत म्हणजे? मीही तिथेच होते ना. पहिलं लेक्चर बुडालं.

…नाही, वेडी नाही झाले. जराशी झालेय.

…आता काय करतेय म्हणजे? आता ते काढतेय! सकाळपासून काढतेय. साबणाने घासलं, साय हलली नाही. मग उत्तमच्या गॅरेजमधून पॉलिशचं मशीन आणलं, ते फिरतं फोमचं चाक असतं ना, ते. घासायच्या कंपाउंडची बाटली दिली त्याने, आणि म्हणाला, मॅडम, दाबू नका, तरंगू द्या. … हो, तरंगतं. खरंच तरंगतं. चाक फिरत फिरत जातं आणि खालून तुमचा निळा वर येतो. पाणी निवळून तळ दिसावा तसा.

…सुटतंय, सुटतंय. सुटत नाही हा प्रश्नच नाही.

…प्रश्न असा आहे की दाजी परत लावतायत.

…हो, आत्ता. आजच. मी डाव्या बाजूने मशीन घेऊन पुढे, ते उजव्या बाजूने डबा घेऊन मागे. मी वळसा घालून तिकडे जाईपर्यंत ते इकडे पोचलेले. सकाळपासून आमचा गाडीभोवती फेर चाललाय.

…भांडण? छे. शब्द नाही. समोरासमोर आलो की एकमेकांना वाट देतो. जेवताना तेवढं म्हणाले, "लय तेल पितं हिचं लाकूड."

…भ्रम नाही झालेला गं! हसत होते, मिशीतल्या मिशीत. त्यांना माहीत आहे मी काढतेय. आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे.

…मग थांबवू कसं? तू सांग ना. … अमृता, ते आपणहून दाढी करतात आता. परवा बाजारात जाऊन मासळीवालीशी भांडून आले. भांडले गं! बोंबील शिळे म्हणून. आणि काल मला विचारलं, तुझ्या कॉलेजात काय चाललंय. आयुष्यात पहिल्यांदा. मी सांगितलं, त्यांना कंटाळा आला, मध्येच उठून गेले. पण विचारलं.

…म्हणून घासतेय. जयेशने बघायच्या आत. तो येऊन ओरडला तर हे उलट बोलणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. डबा खाली ठेवतील, हात पुसतील, आत जातील आणि भिंतीकडे तोंड करतील. आणि या वेळी मला नाही वाटत की…

…बरं, समजा नाही ओरडला. शहाण्यासारखा किल्ली घेऊन गाडी घेऊन गेला. मग? उद्या पहाटे दाजी उठतील आणि अंगण रिकामं. मशीन फिरवतेय ना, तर खाली निळा रंग नाही दिसत मला. ते रिकामं अंगणच दिसतं.

…हॅलो? … अमृता? … गेली का रेंज?

…काय? … स्पीकरवर? … कधीपासून? … मांजरांपासून?

…तो घोरत होता म्हणालीस ना! मी स्वतः ऐकलं! … ड्रायव्हर? ड्रायव्हर घोरतोय? … हलतच नाहीये ट्रॅफिक, म्हणून? बरं. झोपू दे त्याला.

…जयेश.

…हं. … हं. … सगळं ऐकलंस, म्हणजे मला पुन्हा सांगायला नको. … ओरड ना. मला ओरड. मी प्राध्यापक आहे, समोरचा ऐकत नसला तरी उभं राहायची सवय आहे. फक्त त्यांच्यासमोर नको.

…वॉरंटी? गेली असेल. मुशी हा शब्द त्यात सापडला तर बघ. … मस्करी नाही करत रे.

…ने की. तुझी गाडी आहे, आजच ने. मी अडवलं का? … अडवत नाहीये म्हणतेय ना! … मी नाही रडत. कंपाउंड डोळ्यात गेलं.

…काय? … पुन्हा बोल. … वॅक्स? मेणासारखं? डबीत येतं? … हातानेच लावायचं? … आणि गाडी दर शनिवारी इकडे आणणार? … तू? … तुझ्या ठाण्याहून, घोडबंदर रोडवरून, दर शनिवारी? … बोटीवर गेलास की अमृता आणेल. तिला विचारलंस का? … ती मान हलवतेय? कुठल्या दिशेला? … बरं.

…थांब, त्यांनाही विचारते. गाडीच्या मागच्या दारापाशी आहेत. … दाजी! अहो दाजी, जयेश आहे फोनवर. शिळफाट्याला. तो म्हणतो, गाडी दर शनिवारी आणीन, तुम्हीच हात फिरवायचा. फक्त तेल दुसरं देईन, त्याला वास नसतो. चालेल का? … हं? … हं.

…जयेश? ते म्हणतायत… ऐकतोयस ना? ते म्हणतायत, "वास नाय, तर खाडीला कसं कलंल, ही आपली हाय?"

…हॅलो? … जयेश? … हॅलो, ऐकू आलं का?

…हसतोयस? … नाही. … बरं. बरं, बरं. आधी नाक शिंकर.

…तिकडे बोटीवर कसला येतो रे वास? … नुसता डिझेलचा? चार महिने? … समुद्राचा नाहीच? … हं. … नाही, मला काय माहीत. मला वाटलं, तुम्ही त्यातच असता.

…मग काय करू? … किती राहिलंय… ड्रायव्हरच्या बाजूला निळी आहे, पलीकडे त्यांची. मधून वाकडी रेघ गेलीय टपावरून. … तशीच राहू दे? … नक्की? … लोक हसतील तुला टॉवरमध्ये. … अमृता काय म्हणाली? … खालच्या मांजरांची सोय होईल? शाबास. ही मुलगी आपल्या घरात उशिराच आली.

…दाजी, तेच तेल म्हणतोय! दर शनिवारी! … ते म्हणतायत, शनिवारी भरती कधी आहे ते बघून ये. … हो रे, मी कळवीन तुला. मीच कळवणार, आणखी कोण?

…करते, बंद करते मशीन. … अरे, मशीन केव्हाचं बंद आहे. … हा घुंऽऽ आवाज? हा मशीनचा नाही. दाजी आहेत. … गुणगुणतायत. … हो. होडीला लावताना गुणगुणायचे, तेच. शब्द नाहीतच त्याला. मलाही कधी कळले नाहीत.

…फोन टपावर ठेवू? … ऐकायचंय तुला? … बरं, ठेवते. तापेल जरा, पण ठेवते. मध्ये बोलू नकोस हं, लाजतील. अमृतालाही सांग.

…

…येतंय? … शू.

…

…दाजी, जरा सांभाळून, तिथे फोन आहे. … फोन, फोन. जयेश आहे त्यात. … नाही, तो ऐकतोय… अहो, त्याला नको… दाजी, हात… अहो दाजी, फोनला नका ला—