नववा चौरंग

…आणि वर मलाच म्हणत्यात, "वहिनी, अर्थ समजून घ्या." आता तुमीच सांगा, मला अर्थ समजत न्हाई व्हय? सातवी शिकलेय मी. आमच्या लोणी गावात कुणाच्या चुलीवर आज कसलं कालवण शिजतंय ते मला वासावरनं समजतं, कुणाच्या सुनेचं माहेरी जायचं ठरलंय ते तिच्या सासूच्या आधी मला समजतं, आणि ह्यांचा अर्थ तेवढा समजणार न्हाई?

हे म्हंजे आमचे चिमाजी गुरुजी. रिटायर झाले, पण अजून समोर चार माणसं दिसली की त्यांना वर्ग भरल्यागत वाटतं. यंदा गणपतीत आमच्या आळीच्या मंडळाचा जिवंत देखावा त्यांनी हातात घेतला. दशावतार. म्हंजे ट्रॉल्यांवर धा चौरंग, चौरंगांवर गावातलीच माणसं नटून उभी, पडदा उघडला की हलायचं न्हाई, आणि गुरुजी माईकवर एकेकाचा अर्थ सांगणार. कारण त्यांचं म्हणणं असं, की अवतार म्हंजे नुसते देव न्हाईत, प्रतीकं हायती. मासा म्हंजे पाण्यातला पयला जीव, कासव म्हंजे पाण्यातनं जमिनीवर आलेला, आणि वराह म्हंजे जमिनीवरचं जनावर… ते जनावर कोण, तर आमचे हे. गोरख. "अंगकाठी योग्य आहे," म्हणाले. मी म्हटलं, गुरुजी, माझ्या नवऱ्याला तुमी डुक्कर करताय. तर म्हणाले, "वहिनी, अर्थ समजून घ्या. पृथ्वीला चिखलातून वर काढणारा तो." अवो, विहिरीतली मोटर वर काढायला ह्या माणसाला चार गडी लागत्यात, ह्यो पृथ्वी काढणार?

मंग नरसिंह. "माणूस आणि पशू यांच्यातला टप्पा." गुरुजी, आमच्याकडं तसला टप्पा रोज उसात बसलेला असतो, परवाच भरतची कालवड न्हेली त्या बिबट्यानं. आणि नरसिंह कुणाला केलं? त्याच भरतला. त्यो मुखवटा घालून बांधाबांधानं तालमीला आला, तर समोरनं येणाऱ्या सारजाबाई चपला टाकून पळाल्या, आणि वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन थेट मंडपात. अर्थ समजून घ्या म्हणे. पिंजऱ्याला काय अर्थ सांगाल?

पण ते जाऊ द्या. माझं डोकं कशानं फिरलं ते ऐका.

परशुराम व्हता सहावा. आता ट्रॉल्या कुणाच्या, तर सावळारामभाऊंच्या. मोठी बागायत, गावात शब्दाला वजन. त्यांना कळलं आणि ते मंडपात येऊन उभे राहिले. "ज्यानं क्षत्रियांना एकवीस येळा कापलं, त्यो माझ्या ट्रॉलीवर चढणार? मंग आमी कोण?" बास, एवढंच. मला वाटलं, आता गुरुजी म्हणणार, भाऊ, अर्थ समजून घ्या… छ्या. एक चहा झाला, परशुराम खाली आणि बलराम वर, खांद्यावर नांगर घेऊन. "काही ठिकाणी बलरामही धरतात," म्हणाले गुरुजी. हे ध्यानात ठेवा बरं का, धरत्यात म्हणाले.

मंग आला नववा, बुद्ध. गुरुजींनी मला बोलावलं. "वहिनी, द्रौपदाबाईंकडं तुमचं जाणं-येणं आहे. त्यांच्या कपिलला नववा उभा करू. शांत मुलगा आहे." द्रौपदाक्का म्हंजे माझी भिंतीपल्याडची शेजारीण. त्यांचं घर बौद्ध. कपिल तिचा ल्योक, मंडळाचं लायटिंग त्योच करतो. आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवरनं कालवणाच्या वाट्या इतकी वर्सं इकडनं तिकडं जात्यात, की कुठली वाटी कुणाची ते आता देवालाच माहीत. मला तर जायला निमित्तच पायजे. गेले. अक्का कांदा निवडत बसली व्हती. मी आपलं हसत हसत सांगितलं, तर तिचा हात थांबला.

"रत्ना," म्हणाली, "तुज्या गुरुजीला सांग. बुद्ध माणूस व्हता. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यात बुद्ध विष्णूचा अवतार न्हाई, हे शपथेवर बोलले ते. आता मी पोराला त्याच चौरंगावर चढवू?"

आणि पुन्हा कांदा निवडाय लागली. चहा टाकू का, म्हणून इचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी भिंतीवर वाटी न्हाई. तिसऱ्या दिवशी पण न्हाई.

तशीच गेले गुरुजींकडं. म्हटलं, नववा काढा. तर लागले समजवायला. "आपण सन्मानच करतोय त्यांचा. प्रतीक आहे ते, करुणेचं." म्हटलं, मंग करा ना करुणा. "वहिनी, अर्थ समजून घ्या." म्हटलं, सावळारामभाऊंना न्हाई समजवलात अर्थ? त्यांच्यापुढं परशुराम चहा संपायच्या आत खाली उतरला, बलराम 'धरलात', आणि अक्काचं घर शपथेवर बोललंय, तिला तुमी प्रतीक सांगताय? भाऊंच्या ट्रॉल्या हायती आणि तिचा नुसता शब्द हाय, म्हणून? गुरुजी चष्मा पुसत बसले. मंग म्हणाले, कपिल नको तर नको, दुसऱ्या कुणाला तरी चादर गुंडाळून बसवू.

बसवू? बघू कोण बसवतंय. देखाव्याच्या दिवशी त्यो चादरवाला यायच्या आधीच मी पडद्याआडनं ट्रॉलीवर चढले आणि नवव्या चौरंगावर मांडी घालून बसले. अंगावर घरचीच साडी. पलीकडच्या ट्रॉलीवरनं वराह ओठ न हलवता म्हणतोय, "अगं उतर खाली, लोक काय म्हणतील?" म्हटलं, तुमी पृथ्वी सांभाळा. तेवढ्यात पडदा उघडला. आणि कपिल द्वाड, त्यानं पिवळा फोकस सरळ माझ्यावर टाकला.

माईक गप. मला वाटलं, आता हरले गुरुजी. पण त्यो माणूस हरतोय व्हय? घसा खाकरून म्हणाले, "आणि हा नववा… सामान्य गृहिणी. सहनशीलतेचं प्रतीक." टाळ्या. सारजाबाईंनी तर वर चढून माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मी ओरडणार, तर हलायचं न्हाई असा नियम.

सकाळी भिंतीवर वाटी आली. मागनं अक्काचं तोंड.

"काय गं, तुला अवतार करायच्या आधी इचारलं व्हतं का कुणी?"

म्हटलं, न्हाई गं.

"कसं वाटलं?"

मी वाटी उचलली. अक्का हसली, आणि मंग चहा टाकला.

ते झालं ब्येस. पण माझं काय? आता नळावर भांडण लागलं, मी पदर खोचून पुढं झाले, तोंड उघडलं, की बाया हात जोडत्यात. "नको, वहिनी, तुमी न्हाई चिडायचं, तुमी तर सहनशीलता." कालच माझ्या डोळ्यांदेखत माझा हंडा मागं सारून दुसरीनं नंबर लावला, आणि मी… मी नुसती उभी राहिले.