एका पाइपाले दोन क्लॅम्प

(जाम चौकातलं जंगूचं दुकान, शनिवारची सकाळ. म्हाताऱ्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या आणि अकराच्या बसनं समुद्रपूरला परत जायचं, एवढंच पंचफुलाच्या मनात होतं. नवऱ्याला, लहानूला, जाऊन अडीच महिने झाले होते, आणि या अडीच महिन्यांत तिला कोणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.)

पंचफुला : लिहाले काय जाते तुमचं, मामा? चारच तं ओळी. ‘नागेश मिस्त्रीनं पाइपाले एकच क्लॅम्प लावला, म्हणून पाइप निसटला, बोटीत पाणी भरलं अन् लहानू डुबला.’ बस. चौकशीवाल्या साहेबानं तुम्हालेच तं विचारलं.

जंगू : साहेबानं मले इंजन पाहाले सांगतलं. तू सांगशीन ते लिहाले नाई सांगतलं.

पंचफुला : मंग पाहलं न? तीन रोज बोटीपाशी बसून होते म्हणे.

जंगू : पाहलं.

पंचफुला : एकच क्लॅम्प होता न पाइपावर?

जंगू : एकच.

पंचफुला : झालं तं मंग! आन कागद.

जंगू : एकवीस वर्षं जहाजाच्या इंजनरूममधी काढली मी. इंजनाचं असं ‘झालं तं मंग’ नाई होत. बस खाली. पाणी पिशीन?

पंचफुला : पाण्याचं नाव नका काढू माह्यासमोर. अन् बसाले नाई आली मी. त्या नागेशले समुद्रपूरच्या स्टँडवर चपलांची माळ घातली मी, ह्या हातानं. त्याले जामीन भेटू नाई म्हणून मोर्चा नेला. त्याची बायको माह्या दारात आली पाया पडाले, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. बादलीभर शेणपाणी ओतलं तिच्या अंगावर. अख्खी गल्ली पाहून राह्यली होती, एकानं मले चूक नाई म्हटलं.

जंगू : कोण म्हणन? अकरा जीव वाचवणाऱ्याची बायको तू.

पंचफुला : वाचवलेच न त्यानं! सव्वीस जानेवारीले शाळेपुढं त्याच्या नावाची कमान लागून राह्यली. माह्या पोरीचं, मयुरीचं, भाषण पाठ झालं. तुम्ही टोमणा काऊन मारून राह्यले, मामा?

जंगू : टोमणा नाई. हा रबराचा तुकडा पाय. बोटीच्या बुडाले एक कॉक असते. त्यातून तलावाचं पाणी आत येते, इंजन थंड कराले. त्या कॉकवर हा पाइप चढवते. हा निसटला म्हणजे बोटीच्या बुडाले सरळ भोक. म्हणून अशा पाइपाले आवळून धराले दोन क्लॅम्प पायजे. एक धोका देईन तं दुसरा धरन.

पंचफुला : मी दुसरं काय म्हणून राह्यली? त्यानं एकच लावला!

जंगू : बोट फिरव त्या रबरावरून. काय लागते?

पंचफुला : खाच लागते.

जंगू : किती?

पंचफुला : एक ही, काठापाशी... अन् एक मधात.

जंगू : खोल कोणती?

पंचफुला : मधातली.

जंगू : पाच महिने दाबून बसलेला क्लॅम्प तशी खाच पाडते. नागेशनं दोन लावले होते, पंचफुला. मधातला कोणीतरी काढला. काठावरचा एकटा उरला, इंजन थरथरलं, अन् पाइप घेऊन सरकला तो.

पंचफुला : नागेशनंच काढला असन. इकडचा काढून तिकडं लावला असन. चोट्टाच हाय तो.

जंगू : नागेश? तो क्लॅम्प घ्याले जाये तं खिशात चुंबक घेऊन जाये. बाजारात पट्टी स्टीलची अन् स्क्रू लोखंडाचा, असे मिळतात. वरून चकाचक, आतून सहा महिन्यात गंजून मोकळे. चुंबक स्क्रूले चिकटला का हा तिथंच ठेवून ये. कसाले पेचकस नाई वापरे, लहान पाना वापरे. जास्त कसला तं पट्टी रबर कापते म्हणून. मी एवढ्या जहाजांवर फिरलो, इतका किरकिऱ्या मिस्त्री नाई पाहला.

पंचफुला : तुम्ही त्याची वकिली कराले बसले काय इथं?

जंगू : आयक. कसून झालं का तो स्क्रूवरून पट्टीवर लाल रेघ मारे, नेलपॉलिशची. बायकोची बाटली घेऊन जाये. रेघ तुटली म्हणजे स्क्रू ढिला झाला. दर सोमवारी बोटीवर जाऊन रेघा पाहे. काठावरच्या क्लॅम्पवरची रेघ अजूनबी सलग हाय. त्यानं कसलं ते कसलंच होतं.

पंचफुला : कशाची रेघ म्हटली?

जंगू : नेलपॉलिशची.

पंचफुला : लाल?

जंगू : लाल. काऊन?

पंचफुला : काई नाई. निघते मी, मामा. बस येईन माही.

जंगू : येऊ दे. लहानूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी आलतो तुह्या घरी. जेवलो अन् मोरीत हात धुवाले गेलो. टिल्लू पंप चालू होता तुहा.

पंचफुला : सोडा न मामा, माहा हात.

जंगू : हात धरलाच नाई मी तुहा. त्या पंपाचा पाइप निसटे न आधी?

पंचफुला : निसटे. उन्हाळ्यापासून निसटे. नळ येते अर्धा घंटा, त्यात पाइप उडे अन् सारं पाणी मोरीत. मी बोलली त्याले. बाईनं बोलू नाई काय?

जंगू : काय बोलली?

पंचफुला : तेच, घरातलं बोलणं.

जंगू : काय बोलली, पंचफुला?

पंचफुला : म्हटलं, मोठा बोटीचा डायवर म्हणून मिरवतं गावात, अन् घरचा पाइप बसवता नाई येत. बोटीवर एवढे क्लॅम्प हायेत, बायकोसाठी एक नाई.

जंगू : मंग आणला त्यानं.

पंचफुला : जामच्या दुकानातून आणला म्हणे! त्यानं सांगतलं मले तसं!

जंगू : दुकानदार नेलपॉलिश लावून देते काय? बोल. तूच सांग मले, तुह्या पंपाच्या क्लॅम्पवर काय हाय?

पंचफुला : त्याच्यावरच तं भांडली मी. लाल पाहून डोकं फिरलं माहं. म्हटलं, कोणाच्या नखाचं हाय हे? कोणापाशी बसून आला? त्यानं काईच सांगतलं नाई. कसा सांगन, चोरून आणला म्हणून? रातभर नाई बोलली मी. सकाळी डबाबी नाई देल्ला. तसाच उपाशी गेला बोटीवर.

जंगू : त्याच दिवशी?

पंचफुला : त्याच दिवशी.

जंगू : दोन दिवसांनी नवीन आणून लावू, असं म्हटलं असन त्यानं मनात. एकावर भागते दोन दिवस. डुबणारा माणूस डुबायच्या आधी हेच म्हणते.

पंचफुला : पण त्यानं आत जाऊन कॉक बंद केला! पेपरात आलं! स्वतःचा जीव...

जंगू : केला. त्याच्याच हातानं बंद झाला. अन् मले तिथंच समजलं. बोटीत पाणी आलं का डायवर चार जागा पाहते, कुठून आलं म्हणून. लहानूनं नाई पाहलं. माणसं सांगतात, पाणी दिसल्याबरोबर फळी उचलून सरळ तिथंच शिरला. त्याले माहीत होतं. तो आत अन् माणसं भेवानं एका अंगाले पळाली, बोट पलटली. बाकीच्यायच्या अंगात जॅकेट होते, अन् कॉक बंद झाला म्हणून बोट तळाले गेली नाई, तिले धरून तरंगले. अकरा जीव वाचवले हे खोटं नाई. अकरा जीव त्यानंच पाण्यात घातले, हेबी खोटं नाई.

पंचफुला : कोणाकोणाले माहीत हाय हे?

जंगू : तुले अन् मले.

पंचफुला : मंग आजच काढून फेकते मी तो क्लॅम्प. नाल्यात.

जंगू : फेक. रबरावरची खाच कशी फेकशीन? पंपाचा फोटो हाय माह्या फोनमधी.

पंचफुला : मामा, पोरीचं काय करू मी? शाळेत बापाच्या नावाची कमान, अन् तुम्ही कागदावर चोर लिहान त्याले? तो तुमचाच चेला होता न?

जंगू : होता. मीच बसवला त्याले बोटीवर.

पंचफुला : जळतं तू त्याच्यावर, म्हाताऱ्या! तुह्या नावानं कोणी दगडबी नाई ठेवणार. ना बायको टिकली, ना पोर झालं. दुसऱ्याचं नाव पुसाले बसला इथं!

जंगू : झालं बोलून? आज शनिवार हाय, साहेब सोमवारी भेटते. सोमवारी अकरा वाजता मी कागद देईन. त्याच्या आधी तू जाऊन बोलली तं ते तुह्या तोंडचं होईन. नाई बोलली तं माह्या हातचं.

पंचफुला : एवढीबी दया नाई तुम्हाले?

जंगू : तू शेणपाणी ओतलं तवा मी समोरच्या ओट्यावर बसून होतो. तुहा पंप मी त्याच्या आधी पाहला होता. मले सारं समजलं होतं अन् मी उठलो नाई. चेल्याचं नाव जाईन म्हणून दोन महिने चूप बसलो. त्या दोन महिन्यांत नागेश आतमधी हाय. माहीबी दया पाहून घे तू.

रिंकू : काका, आहात का? ...अगं बाई, ताई आहेत. मी बाहेर थांबते.

जंगू : आत ये, रिंकू.

रिंकू : नको, त्यांचं होऊ द्या आधी. मी वर्ध्याच्या जेलात चालली, आज त्याच्या भेटीचा दिवस आहे. म्हटलं जाता जाता विचारावं, इंजन पाहून काही समजलं का? तो दरवेळी तेच विचारते. आधी म्हणायचा, मी दोन लावले होते, शपथेवर सांगतो. आता म्हणते, रिंकू, मलेच आठवत नाही. मी एकच लावला होता का गं? तू सांग. मी काय सांगू काका? मी तर इंजन पाहिलंही नाही कधी.

जंगू : पंचफुलाले विचार. माह्याइतकंच समजते तिले आता.

रिंकू : ताई?

पंचफुला : कितवा लागला तुले?

रिंकू : नववा.

पंचफुला : मंग उभी नको राहू. बस तिथं स्टुलावर.

रिंकू : हो, बसते. ताई, समजलं का काही?

पंचफुला : अजून नाई. पाहून राह्यले मामा.

जंगू : पंचफुला.

पंचफुला : पाहून राह्यले, म्हटलं न मामा.

रिंकू : असू द्या काका, इंजनाचं काम आहे, वेळ लागते. ताई, तुम्ही मले बस म्हटलं न, आज भेटीत पहिले हेच सांगते त्याले. बरं वाटन त्याले.