सूप परत न्या, आत्याबाई

नाही, आत्याबाई, काल संध्याकाळपासून नाही — आज सकाळी आठ वाजता सुरू झालं हे, कापसाच्या जिनाचा भोंगा झाला तेव्हा, अन् तुम्ही तेव्हा न्हाणीवर दात घासून राह्यल्या होत्या, मग गल्लीत भेटाले गेलत्या, म्हणून तुमाले काही माहीत नाही. बसा. पण ते सूप आत नका आणू. राहू द्या बाहेर, भिंतीशी. हो, नवं आहे, दिसते मले, बोरी अरबपासून बसमधी मांडीवर धरून आणलं, कोणाचा धक्का लागू देल्ला नाही — मायेनंच आणलं असन, मी कुठं नाही म्हणते? पण माझी पोरगी त्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवाची नाही. सांगून ठेवते. चहा घ्या. गुळाचाच आहे.

भोंग्याचं काय म्हणता? तर रोज पोराचे बाबा जिनात पोचले, आठचा भोंगा झाला, की मी सुमेधले दाराशी उभा करते, छातीवर हात ठेवाले लावते, अन् त्याच्याच तोंडून म्हणून घेते — मी चांगला पोरगा आहे, मी शिकीन, मी कोणापेक्षा कमी नाही. रोज. हसू नका, आत्याबाई. बुद्धपौर्णिमेले यवतमाळच्या इंदूबाई आल्या होत्या ना आमच्या नेरले, त्यांनी सांगतलं सगळ्या बायांले — लेकराच्या कानावर जे रोज पडते तेच ते सोताले समजते, म्हणे, तुमच्या कानावर काय पडलं ते आठवा, अन् लेकराले त्याच्या उलटं ऐकवा. मले पटलं. मी सातवीपर्यंत गेली शाळेत, माझी जागा दाराबाहेर, पोत्यावर, पाऊस आला की पोतं घेऊन भिंतीले चिकटाचं — पण गणित माझं कधी चुकलं नाही, अन् तरी कोणी म्हटलं नाही की पोरी, तू हुशार आहे. केवढंसं वाक्य! कोणाची जीभ झडली असती का?

तर आज भोंगा झाला. मी बाळंतीण, खाटेवरूनच आवाज देल्ला, सुमेध, चाल, म्हण. उभा राह्यला. हात छातीवर. अन् पाढा म्हणावा तसं म्हणते — "मी उकिरड्यावरचा आहे." काय रे? तर म्हणे, "काल आजी म्हणे ना. मी उकिरड्यावर पडलो होतो, आजीले सापडलो, तू तिले पसाभर कोंडा देल्ला तेव्हा तिनं मले तुले देल्लं. आता बारकीलेही ठेवणार हाये." अन् गेला दारातून बाहेर. मले वाटलं, लघवीले गेला असन.

नाही, हात नका हलवू. गंमत केली तुम्ही, माहीत आहे. सात वर्षं झाले तुमची तेच गंमत आहे — लग्नात, पंगतीत, बस स्टँडवर, "काहून रे उकंड्या, तू तर माझा, कोंड्यापायी सोडला तुले" — अन् सगळे हसतात, तोही हसते. लेकरू हसते म्हणून त्याले लागत नाही, असं वाटते का तुमाले? त्याच्या बाबानं नाव बदलवलं, दीक्षेच्या दुसऱ्याच महिन्यात बदलवलं, सुमेध ठेवलं, शाळेतही तेच सांगतलं, पण गल्लीत कोणाच्या तोंडी येते ते? उकंडा! म्हणजे उकिरडाच ना? माणसाच्या लेकराले कोणी उकिरडा म्हणते का? अन् तुम्हीपण दीक्षा घेतली, आत्याबाई, पांढरं लुगडं नेसून नागपूरले गेलत्या, देव सारे नदीत सोडले — अन् हे सूप काहून राहू देल्लं? हे बुडालं नाही का?

मले शिसारी येते. खरंच येते, आत्ताही आली. तो दिवस डोळ्यापुढून जात नाही — पहिलं लेकरू गेलं होतं, हे तरी जगावं, टाकलेल्या घाणीकडं मरण पाहात नाही, म्हणून तुम्ही अन् सासूबाईनं ठरवलं, मले कोणी विचारलं नाही. नाळही सुकली नव्हती त्याची. तुम्ही सूप ठेवलं त्या शेणावर, राखेवर, कोणाच्या घरचं शिळं आंबलेलं होतं त्याच्यावर, अन् माशा — त्याच्या ओठावर माशा बसल्या, आत्याबाई, अन् मले हलाचं नाही, उडवाचं नाही, उलट म्हणाचं — घाण आहे, न्या ज्याले पाहिजे त्यानं. म्हटलं मी. माझ्याच तोंडानं म्हटलं. मग तुम्ही उचललं, अन् मी पदरात कोंडा धरून परत मांगितलं. वास महिनाभर गेला नाही त्याच्या डोक्याचा. का माझ्याच नाकातला गेला नाही, कोणाले ठाऊक.

हो. जगला. तेच म्हणणार तुम्ही, मले माहीत होतं. अन् मधला — म्हणा ना, काहून थांबल्या? मधल्याले ठेवू देल्लं नाही आम्ही, चांगलं नाव ठेवलं, पाटावर बसवून सगळ्या गल्लीपुढं त्याचं कौतुक केलं, अन् आठव्या महिन्यात तापानं गेला. तुम्ही तेव्हाही इथंच बसल्या होत्या, याच जागी, अन् मी ऐकलं, तुम्ही सासूबाईले म्हणे, चांगलं चांगलं म्हणून खाल्लं मायनं लेकरू. ऐकलं मी. त्या दिवसापासून — जाऊ द्या.

सांगत होती काय — हां. पोरगा बराच वेळ आला नाही. मी बारकीले कापडात गुंडाळून खाटेवर ठेवलं, अन् अनवाणी निघाली, अंगात त्राण नाही, भिंत धरत धरत. रहमतभाईच्या छकड्यांमागं जो उकिरडा आहे ना, तिथं. मधोमध बसला होता. घरचं जुनं सूप आणलं होतं, ते मांडीवर. पाय शेणात, घोट्यापर्यंत. म्हटलं, काय करून राह्यला रे इथं? तर म्हणे, "कोणी उचलते का पाहून राह्यलो."

नका डोळे पुसू. मले आता तुमच्या डोळ्यांचा राग येते.

म्हटलं, अरे, तू चांगला पोरगा आहे ना, रोज म्हणत नाही का आपण? तर माझ्याकडं पाहिलं त्यानं — कसं सांगू — मोठ्या माणसावानी पाहिलं. म्हणे, "तू खोटं म्हणतं. मी म्हणून झालो की तू तिकडं तोंड करतं अन् थुंकतं. रोज थुंकतं. मी पाहातो."

थुंकते. हो, थुंकते मी. तीन वेळा, डाव्या खांद्यावरून, अन् मनातल्या मनात म्हणते — कसला चांगला, शेणाचा पो आहे, कोणी पाहू नका याच्याकडं. मधला गेल्यापासून. इंदूबाईचं वाक्य त्याच्या तोंडी, अन् तुमचं वाक्य माझ्या पोटात! नजर लागन म्हणून. हा एकच राह्यला होता मले, आत्याबाई! त्याच्या बाबाले माहीत नाही, माहीत झालं तर म्हणतील, एवढं शिकली अन् काय शिकली. मले वाटे त्याचं तोंड दाराकडं आहे, त्याले काय समजते. अन् आज त्याले उचलाले वाकली, तर तोच वास आला — तोच — अन् माझा पदर नाकाशी गेला. मी नेला नाही, गेला. तेही पाहिलं त्यानं.

मग काढला पदर. उचलला तसाच, सगळं लुगडं भरलं. आंघोळ घातली, आता त्या दाराआड बसला आहे बारकीपाशी, अन् ऐकून राह्यला आहे, मले माहीत आहे, म्हणून तर मी हळू बोलून राह्यली नाही.

मले भेव वाटत नाही असं नका समजू. रात्री चार वेळा बारकीच्या नाकापुढं बोट धरते. उद्या तिले काही झालं तर तुम्ही काय म्हणसान तेही आत्ताच ऐकू येते मले. म्हणा. पण ही पोरगी कोणाची घाण नाही, सत्यशीला नाव आहे तिचं, अन् ती सुपात जाणार नाही.

उठा. साडेदहाची बस आहे. सूप न्या — धान्य पाखडाले होईन. अन् बोरीत सांगा, नात्यातल्या सगळ्यांले सांगा, लग्नात भेटन त्याले सांगा — तुमच्या भाच्याच्या, देवरावच्या घरी उकंडा नावाचं कोणी राहात नाही. सुमेध राहाते. चांगला पोरगा आहे माझा. गुणाचा आहे. हे त्याची माय भर दिवसा, दारात उभी राहून, मोठ्यानं बोलली, असं सांगा — अन् थुंकली नाही.

पाहून राह्यल्या ना माझ्या तोंडाकडं? गिळलं मी. तसंच सांगा.