सर्दीवरचा चहा

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सुनेला सातवा महिना असावा.

"आई, त्या चहात जास्वंदीची किती फुलं घालत होतात?"

"चार-पाच. सर्दी पळाली की नाही?"

"सर्दी गेली हो. पण काल दुपारपासून बाळ हललं नाहीये."

"झोपलं असेल गं. आमच्याकडे सर्दी झाली की सगळ्यांना हाच चहा द्यायचे."

"पोटुशीलासुद्धा?"

सासूबाईंनी सुनेच्या पोटावर हात ठेवला.

"डॉक्टरांना सांगायचं का, आई?"

"कोणी दिला म्हणून विचारतील."

"मी म्हणेन, माझा मीच केला."

"नको. फुलं मी तोडली, मीच उकळली. आत मीच सांगते."

तेवढ्यात सुनेचं नाव पुकारलं.

"चला, आई."

"जरा हात दे गं. मला उठवत नाहीये."